"चांगल्यातलं भरा, डॉक्टर" : दातात नेमकं भरतात तरी काय?

"ताई, मनी दाढ भलती दुखी ऱ्हायनी," म्हणत आप्पा खुर्चीत बसले आणि मी आरसा हातात घ्यायच्या आधीच त्यांनी व्यवहार उरकला. "काय भरायचं ते चांगल्यातलं भरा. पैशाचं पाहू नका."

अमळनेरच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकते. पारोळ्याहून आलेला माणूस म्हणतो, चोपड्याहून आलेला म्हणतो, पुण्याला नोकरीला असलेला आणि दिवाळीत घरी आलेला मुलगाही म्हणतो. त्यामागे समज अशी असते की कपाटात एक स्वस्तातला मसाला, एक मधला आणि एक भारी, अशा तीन बरण्या ठेवलेल्या आहेत. तसं असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं.

आप्पांकडे कपाशी असते. मी त्यांनाच विचारलं, "आप्पा, कपाशीचं सगळ्यात चांगलं बियाणं कोणतं?" ते हसले. "जमीन कोणती ते सांगा आधी. हलकी का भारी, पाण्याखालची का कोरडवाहू?" बस. दाताचंही अगदी तेच आहे. खड्डा कुठे आहे, किती खोल आहे, तिथे किती ओल येते आणि त्या दातावर चावण्याचा किती भार पडतो, हे बघून काय भरायचं ते ठरतं.

आधी खड्डा कसा पडतो ते बघू. दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल. शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्याच्या आत डेंटिन. ते पिवळसर आणि त्यामानाने मऊ असतं, त्यात खनिज सुमारे ७० टक्के. आणि सगळ्यात आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा गर, ज्याला आपण सगळे सरसकट 'नस' म्हणतो.

दातावर चिकटलेल्या थरातले जंतू आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल सोडतात. शेतकऱ्यांना सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) समजावून सांगावा लागत नाही, माती परीक्षणाच्या कागदावर तो असतोच. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. अर्ध्या-पाऊण तासात लाळ तो परत वर आणते आणि गेलेलं थोडंफार खनिज भरूनही काढते. म्हणजे एकदम पाव किलो जिलबी खाणाऱ्यापेक्षा टपरीवर तासातासाला गोड चहा घेणाऱ्याचे दात जास्त धोक्यात असतात, कारण त्याच्या लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. केळीच्या वेफर्सचंही तसंच. गोड लागत नाहीत म्हणून कोणी त्यांना दोष देत नाही, पण दाढेच्या खाचेत बसलेला तो चिकट पिठूळ लगदा जंतूंना तासभर पुरतो.

एनॅमल फोडून कीड डेंटिनमध्ये उतरली की पसरते. जुन्या वाड्यांत धान्याचं पेव असायचं, आठवतं? वरून तोंड लहान, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत उतरलं की खोली. किडकी दाढ म्हणजे पेव. बाहेरून सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो आणि पेशंट म्हणतो, "एवढंसंच तर आहे." मशीन लावून तोंड थोडं उघडलं की आतली पोकळी दिसते. त्यामुळे "तुम्ही खड्डा मोठा करून ठेवला" हा आरोप आम्ही दंतवैद्यांनी जन्मभर ऐकायचा असतो. खड्डा कीड करते. आम्ही फक्त पेवाचं झाकण काढतो.

आता भरायच्या गोष्टी. लोकांच्या तोंडी यांची नावं आहेत चांदी, सिमेंट आणि लाइटवाली. मीही तीच वापरते.

चांदी सगळ्यात जुनी. दीडशे वर्षांहून जास्त काळ जगभर वापरली गेली. हिला चांदी म्हणतात खरं, पण त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबं यांची भुकटी. पारा धातूंना आपल्यात मुरवतो आणि लोण्यासारखा गोळा तयार होतो. तो दाबून बसवायचा, काही मिनिटांत घट्ट होतो, पुरता कडक व्हायला दिवसभर लागतो. पूर्वी ही भुकटी आणि पारा छोट्या खलात घोटायचे आणि गोळा फडक्यात पिळून जादा पारा काढायचे. नंतर मोजून भरलेल्या कॅप्सूल आल्या, यंत्रात घातल्या की काही सेकंदांत गोळा तयार.

चांदीचा स्वभाव सांगते. ती दाताला चिकटत नाही. तिला धरून ठेवायला खड्डा आतून किंचित रुंद कोरावा लागतो, म्हणजे घट्ट झाल्यावर निसटू नये. त्यात थोडा चांगला दातही जातो, ही तिची मोठी खोट. रंग काळपट, म्हणून समोरच्या दातात ती कधीच नको. पण गुण ऐका. लाळ लागली तरी ती फार रुसत नाही. भाकरी, सुपारी, हाडं, सगळं सोसते. आणि कडेला जी बारीक फट राहते ती काळाबरोबर तिच्याच गंजाने बुजत जाते. गंज चढून वस्तू सुधारते असं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. दहा-पंधरा वर्षं ती सहज टिकते, मी पंचवीस वर्षांची चांदी शाबूत पाहिली आहे.

मग पाऱ्याचं काय? जपानमध्ये मिनामाता नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत गेला, माशांतून माणसांत गेला आणि लोक कायमचे अधू झाले. त्या गावाच्या नावाने पाऱ्याचा वापर कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून दातात चांदी भरणं जवळपास बंदच केलं, वैद्यकीय कारणाने अगदीच लागली तर सोडून. यामागची मोठी चिंता पर्यावरणाची आहे: दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि मेलेल्या माणसाच्या चितेवरून हा पारा हवा-पाण्यात जातो. भरलेल्या चांदीतून चावताना अगदी थोडी वाफ निघते हेही खरं, म्हणून लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यात ती टाळतात. मी स्वतः आता नवी चांदी भरत नाही.

पण इथे लोक एक चूक करतात. मोबाइलवर काहीतरी पाहून येतात आणि म्हणतात, "ती जुनी चांदी काढून टाका, विष आहे." चांगली बसलेली चांदी काढू नका. काढताना ती मशीनने घासावी लागते, त्यात उलट जास्त वाफ उडते, आणि दातही थोडा आणखी कोरला जातो. चांदी तुटली, कडेने कीड शिरली, तेव्हा काढायची. आप्पांच्या उजव्या दाढेत अशी एक जुनी चांदी होती. त्यांना तीही "बदलून नवीन" हवी होती. मी कडा तपासल्या, एक्स-रे पाहिला आणि तिला हात लावला नाही. आप्पांना ते फारसं आवडलं नाही.

सिमेंटचं मूळ नाव ग्लास आयोनोमर. ब्रिटनमधल्या ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या दोन शास्त्रज्ञांनी १९७२ साली ते जगापुढे आणलं. एका बाटलीत विशिष्ट काचेची भुकटी, दुसरीत आम्लाचं दाट द्रव. दोन्ही कालवलं की घट्ट होतं. याची खुबी म्हणजे हे दाताला स्वतःहून चिकटतं, रासायनिक बंध तयार करून. म्हणून फार कोरावं लागत नाही. शिवाय त्यातून थोडं थोडं फ्लोराइड बाहेर पडत राहतं, ते आजूबाजूच्या दाताला उपयोगी पडतं.

कालवणं हे एक वेगळंच शास्त्र आहे आणि आमच्या दवाखान्यात ते माझ्या सहायक ताईंचं राज्य आहे. कागदाच्या पॅडवर चमच्याने मोजून भुकटी, शेजारी द्रवाचा थेंब, बाटली उभी धरून, कारण तिरकी धरली तर थेंबात हवा येते. मग भुकटीचे दोन भाग करून एकेक आत ओढायचा. घोटत बसायचं नाही, भरभर दुमडायचं. तयार मसाला चकचकीत दिसला पाहिजे. चकाकी गेली, तो मंद दिसायला लागला की समजायचं वेळ टळली. तो दाताला चिकटणार नाही, फेकून द्यायचा. आता मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा काय होत असेल? उष्णतेने सिमेंट लवकर घट्ट होतं. वीज गेली, एसी बंद पडला, की ताईंचा मसाला पॅडवरून दातापर्यंत पोचायच्या आतच मान टाकतो. म्हणून उन्हाळ्यात त्या काचेची थंड पाटी वापरतात, फ्रीजमधून काढून, कोरडी पुसून. थेंबभर पाणी राहिलं तरी सगळं वाया. भरून झाल्यावर मी वरून वॉर्निश लावते, नसलं तर व्हॅसलिन. पहिल्या काही तासांत त्याला ना जादा ओल चालते ना जादा कोरड. ओल्या स्लॅबवर पोती टाकून क्युअरिंग करतात ना, जवळपास त्यातला प्रकार.

कमकुवतपणा काय? झिजतं. दाढेच्या चावायच्या पृष्ठभागावर मोठा खड्डा असेल तर साधं सिमेंट तिथे पाच वर्षंही नीट काढेल असं नाही. रंग दाताच्या जवळपास असतो, हुबेहूब नाही.

मग ते कुठे चांगलं? लहान मुलांच्या दुधाच्या दाढांत, कारण त्या पडणारच असतात आणि मूल दोन मिनिटं तोंड कोरडं ठेवून बसत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्या खाली सरकल्यावर उघड्या पडलेल्या मुळांवर. आणि आपल्याकडे फार दिसणारी एक जागा: दाताची मान. मशेरी बोटाने रगडून, नाहीतर कडक ब्रश आडवा करवतीसारखा चालवून, हिरडीला लागून दाताला खाच पडते. नख अडकेल एवढी. गार पाणी लागलं की ठणका. तिथे चावण्याचा भार थेट नसतो, ओल मात्र सतत असते, म्हणून सिमेंट. खाच भरली आणि मशेरी तशीच चालू ठेवली तर मशेरी आता सिमेंट खाईल, एवढाच फरक.

आता लाइटवाली, म्हणजे कंपोझिट. बहुतेकांच्या मनातलं 'चांगल्यातलं' हेच. हिची कथा दोन माणसांनी सुरू केली. अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांना माहीत होतं की लोखंडावर रंग धरावा म्हणून कारखान्यात आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. १९५५ साली त्यांनी तेच दातावर करून पाहिलं. एनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडले आणि त्यात प्लॅस्टिकसारखा पदार्थ घट्ट रुतला. पुढे रफाएल बोवेन यांनी त्यासाठी योग्य राळ तयार केली, तिचं पेटंट १९६२ चं. राळेत काचेची अतिबारीक भुकटी मिसळली की झालं कंपोझिट.

हे भरताना खुर्चीत काय चालतं ते सांगते, कारण पेशंटला फक्त निळा उजेड दिसतो आणि बाहेर जाऊन तो सांगतो की लेसर मारला. लेसर नाही तो. साधा निळा प्रकाश आहे.

सगळ्यात आधी रंग ठरवायचा, तोही दात कोरडा करायच्या आत. दात वाळला की तात्पुरता पांढरा दिसतो. त्या रंगाला जुळवून भरलं तर दुसऱ्या दिवशी दात आपल्या मूळ रंगावर येतो आणि भरलेला तुकडा पांढऱ्या ठिगळासारखा उठून दिसतो. मग कीड काढायची. निळ्या रंगाचं आम्लाचं जेल पंधरा-वीस सेकंद लावायचं, धुवायचं. एनॅमल दुधी, खडूसारखं दिसलं पाहिजे. त्यावर बाँड, म्हणजे चिकटवणारं द्रव, हवेची फुंकर, प्रकाश. मग दोन-दोन मिलिमीटरचे थर, प्रत्येकावर साधारण वीस सेकंद प्रकाश. एकदम सगळं कोंबता येत नाही, कारण प्रकाश फार खोल पोचत नाही आणि हा पदार्थ कडक होताना किंचित आकसतो. एकगठ्ठा भरला तर आकसून कडेला फट राहते. हल्ली चार मिलिमीटरपर्यंत एका थरात चालणारे प्रकार आले आहेत, ते घाईच्या पेशंटला बरे.

यातल्या प्रत्येक पायरीला एकच शत्रू: लाळ. आम्ल धुतल्यावर लाळेचा एक थेंब जरी तिथे लागला तरी बाँड धरत नाही. म्हणून गालात कापूस, सक्शनची नळी, जमलं तर दातावर रबराचा पडदा, आणि म्हणून आम्ही सारखं ओरडत असतो, "जीभ हलवू नका, तोंड मिटू नका." शेवटच्या दाढेत, हिरडीच्या खाली गेलेल्या खड्ड्यात, जिथून रक्तही येत असतं, तिथे ही लाइटवाली भरणं म्हणजे पावसात भिंतीला रंग देणं. महाग रंग आणला म्हणून पाऊस थांबत नाही.

नीट भरली तर दिसायला बेमालूम, चांगला दात कमी जातो, समोरच्या दातांना तिच्याशिवाय पर्याय नाही. मागच्या दाढांत मात्र चांदीशी तुलना केलेल्या अभ्यासांत ती जास्त लवकर बिघडते असंच दिसलं आहे, बहुतेकदा कडेने पुन्हा कीड लागून. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. महाग आणि पांढरी वस्तू स्वस्त आणि काळ्या वस्तूपेक्षा कमी टिकते, हे गळी उतरत नाही. सात-आठ वर्षं चांगली गेली तर मी खूश असते. हळदीचा आणि चहाचा डागही तिच्यावर चढतो, शेवभाजीच्या तर्रीने चढलेला मी पाहिला आहे.

सोन्याचं एक वाक्य बोलल्याशिवाय जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला चैन पडायचं नाही. हो, दातात सोनंही भरतात. मेणाचा नमुना करायचा, भोवती साचा, मेण जाळून त्या पोकळीत सोनं ओतायचं. ही सोनारांची जुनीच रीत, दातांसाठी अमेरिकेत १९०७ साली विल्यम टॅगर्ट यांनी ती आणली. टिकायला उत्तम. पण भाव पाहता आता कोणी मागत नाही. त्याच पद्धतीने बाहेर घडवून आणलेला तुकडा आता सिरॅमिकचा बसवतात, खड्डा फारच मोठा असेल तेव्हा.

आणि एक तात्पुरता मसाला असतो, झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचा. दवाखान्याचा तो ओळखीचा वास याचाच. आजीने दाढेत लवंग धरायला सांगितली होती ती उगाच नाही, युजेनॉल ठणका शमवतो. शमवतो म्हणूनच घात होतो. दुखायचं थांबलं की पेशंट कापूस वेचायला जातो, मग लग्नसराई, मग पेरणी, आणि वर्षभराने अर्धी दाढ घेऊन येतो. हा मसाला काही आठवड्यांचा पाहुणा आहे.

कधी कधी काहीच भरून उपयोग नसतो. गार-गोड लागल्यावर क्षणभर कळ येऊन जात असेल तर भरून भागण्याची शक्यता चांगली. पण गरम चहाने ठणका सुरू होऊन मिनिटंच्या मिनिटं रेंगाळत असेल, किंवा रात्री आडवं पडल्यावर आपोआप दाढ ठोके देत असेल, तर कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. तिथे वरून सोनं भरलं तरी आत आग तशीच. रूट कॅनाल करावं लागतं, नाहीतर दाढ काढावी लागते. क्षणभराची कळ आणि हा रेंगाळणारा ठणका यांच्या मधली एक अवस्था आहे, जिथे कीड नसेच्या अगदी जवळ आलेली असते. तिथे तळाला कॅल्शियमचं औषध लावून वर सिमेंट भरून काही आठवडे वाट बघता येते. कधी नस वाचते, कधी नाही. आधी खात्रीने सांगता येत नाही, आणि नाही वाचली तर पेशंटला वाटतं डॉक्टरने दोनदा पैसे घेतले.

आप्पांचा हिशोब असा झाला. डावीकडच्या दाढेत पेव होतं, पण नसेपासून दूर, आणि जागा कोरडी ठेवता येत होती, म्हणून लाइटवाली. वरच्या दोन दातांच्या मानेला मशेरीच्या खाचा, तिथे सिमेंट. जुन्या चांदीला नमस्कार. "म्हणजे एकाच तोंडात तीन वाण," आप्पा म्हणाले.

भरून झाल्यावर निळा कागद दातांत धरून चावायला लावला. जिथे ठळक ठिपका उमटतो तिथे भरणी उंच झालेली असते. बधिर असताना ते कळत नाही, घरी गेल्यावर खडा चावल्यासारखं लागतं. तसं लागलं तर दोन दिवस वाट न बघता परत यायचं, पाच मिनिटांत घासून मिळतं. गारेगार थोडे दिवस झोंबेल, ते बहुधा ओसरतं. महिना झाला तरी वाढतच असेल तर दाखवायचं. परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात किंवा धुळ्याच्या दंत महाविद्यालयात जा. तिथे शिकाऊ डॉक्टर वेळ जास्त घेतात, पण मागे शिक्षक उभे असतात.

चप्पल घालता घालता आप्पा वळले. "रात्री शेवभाजी चालेल का?"

"लाइटवाली आत्ताच कडक झाली आहे, तिला काही होत नाही. पण आज वर सिमेंट ओलं आहे आणि तुमचा ओठ अजून बधिर आहे. मुंग्या जाईपर्यंत दोन-तीन तास काही खाऊ नका, नाहीतर गाल चावाल. रात्री मऊ काहीतरी खा. शेवभाजी उद्या."

"मशेरी?"

मी काही बोलले नाही. ताईंनीच त्यांच्याकडे असं काही पाहिलं की आप्पांनी सदऱ्याच्या खिशातली डबी काढून काउंटरवर ठेवली. आठ दिवसांनी तपासणीला आले तेव्हा परत मागून घेतली.